गॅस आधी, पाणी नंतर

अमेरिकेतल्या फिरत्या घरांचा, म्हणजे आरव्हींचा, इतिहास सांगताना प्रोपेन वायूला बहुधा नायकाचे काम दिले जाते. बाटलीबंद गॅस आला, चाकांवरच्या घरात चूल पेटली, शीतकपाट चालू लागले, मग गरम पाणीही आले आणि माणूस जंगलात राहूनही शहरासारखा जगू लागला, अशी ही कथा. तिच्यातून एक व्यावहारिक समजूतही निघाली आहे. आरव्हीतले गरम पाणी जपून वापरायचे ते गॅस वाचावा म्हणून, असे बहुतेकांना वाटते. कथा अर्धवट आहे आणि समजूत बरीचशी चुकीची. गॅस आणि गरम पाणी यांच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या की मध्ये चांगली चार दशके मोकळी पडलेली दिसतात. गॅस हाताशी असताना ट्रेलरमधली माणसे गार पाण्याने तोंड धूत होती, आणि आंघोळीसाठी तळावरच्या सार्वजनिक न्हाणीघरापुढे रांग लावत होती. अडले होते ते पाण्यापाशी. पाणी साठवायचे कसे, दाबाने खेळवायचे कसे आणि वापरून झाल्यावर टाकायचे कुठे, हे तीन प्रश्न सुटेपर्यंत सिलिंडर भरलेला असून उपयोग नव्हता.

प्रोपेनचा जन्म मोटारीशी जोडलेला आहे, ही या प्रकरणातली गमतीची बाब. १९१० साली पिट्सबर्गमधल्या एका मोटारमालकाची तक्रार होती की विकत घेतलेले पेट्रोल घरी पोचेपर्यंत निम्मे उडून जाते. अमेरिकी सरकारच्या खाण विभागातल्या वॉल्टर स्नेलिंग या रसायनशास्त्रज्ञाने त्या उडून जाणाऱ्या वाफांचा पाठपुरावा केला आणि त्यांतून प्रोपेन, ब्युटेन असे घटक वेगळे काढले. १९१२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतघरात हा वायू जळू लागला, १९१३ मध्ये स्नेलिंगला पेटंट मिळाले आणि पुढे ते फ्रँक फिलिप्स या तेलसम्राटाने विकत घेतले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात फिलगॅस, पायरोफॅक्स, स्केलगॅस अशा नावांनी सिलिंडर खेड्यापाड्यांत पोचू लागले. मुळात ज्या घरांपर्यंत शहरी गॅसची नळी येणार नाही, त्यांच्यासाठीच हा माल होता. शेतकऱ्याच्या घराला तो जितका सोयीचा, तितकाच रस्त्यावरच्या घरालाही. शिवाय प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो. ब्युटेनचे वायूत रूपांतर शून्याच्या आसपासच थांबते, म्हणून रॉकी पर्वतातल्या हिवाळी रात्री ब्युटेनचा सिलिंडर भरलेला असूनही मुका होतो. प्रोपेन मात्र काम करत राहतो. प्रवाशाला हवे ते सगळे गुण या इंधनात पहिल्यापासून होते.

आता रस्त्यावर काय चालले होते ते पाहू. मोटार घेऊन मुक्कामाला निघण्याची हौस पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झाली. १९१० साली पियर्स-अ‍ॅरो कंपनीने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मांडलेल्या ‘टूरिंग लँडॉ’ या धनिकांच्या गाडीत मागची आसने पसरून बिछाना होई आणि ड्रायव्हरच्या पाठीमागून हात धुण्याचे घडीचे भांडे निघे. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा इथे ‘टिन कॅन टूरिस्ट’ या भटक्यांच्या संघटनेचा जन्म झाला. हे लोक तंबू आणि डबाबंद अन्न घेऊन फिरत. त्यांच्यासाठी अनेक शहरांनी सार्वजनिक मोटार-तळ उघडले. डेन्व्हरचे ओव्हरलँड पार्क हा त्यांतला नामवंत तळ, तिथे कपडे धुण्याची आणि आंघोळीची सोय होती. पुढे जे घडले त्याचे बीज या तळांत आहे. गरम पाणी ही प्रवाशाने बरोबर न्यायची वस्तू नव्हे, ती तळाने पुरवायची सोय, असा रिवाज तिथे पडला. प्रवाशाने बरोबर आणली ती चूल. कोलमनची पेट्रोलवर चालणारी घडीची शेगडी १९२३ पासून बाजारात होती, आणि मोटारीत पेट्रोल असतेच.

१९३० नंतर पक्क्या छपराच्या ट्रेलरांचे दिवस आले. डेट्रॉइटचे जीवाणुशास्त्रज्ञ आर्थर शर्मन यांनी आपल्या कुटुंबासाठी बनवलेल्या ट्रेलरमधून ‘कव्हर्ड वॅगन’ ही कंपनी उभी राहिली आणि काही वर्षांतच ती देशातली सर्वांत मोठी ट्रेलर उत्पादक झाली. १९३६ मध्ये वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने चकाकत्या अ‍ॅल्युमिनियमचा ‘क्लिपर’ आणला. किंमत १,२०० डॉलर. मंदीच्या काळात ही रक्कम लहान नव्हती. त्यात चौघांची झोपण्याची सोय होती, विजेचे दिवे होते, वेगळे स्वयंपाकघर होते, स्वतःचा पाणीसाठा होता, एवढेच काय, सुक्या बर्फावर चालणारी वातानुकूलनाची युक्तीही होती. तरीही त्याच्या वाखाणलेल्या गुणांत गरम पाण्याची आंघोळ कुठे नाही. मंदीमुळे लोकांना गरम पाणी परवडत नव्हते, हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. ज्या गिऱ्हाइकाला सुक्या बर्फाची थंड हवा परवडते, त्याला एक लहान बंब परवडला नसता काय?

कारण शोधायचे तर त्या काळच्या ट्रेलरचे मोरीकाम पाहावे लागते. जमिनीलगत किंवा बाकाखाली एक छोटी टाकी, सिंकजवळ हाताने दाबायचा पंप, आणि सिंकखालून निघालेली नळी सरळ ट्रेलरबाहेर ठेवलेल्या बादलीत. साठवणीचा गिझर अशा व्यवस्थेवर चालत नाही. त्यात गार पाणी खालून शिरते आणि वरचे गरम पाणी पुढे ढकलते. म्हणजे मागून सतत दाब हवा. एडविन रूड यांनी पिट्सबर्गमध्ये स्वयंचलित साठवणी गिझर १८८९ मध्येच बनवला होता, पण त्याच्या मागे शहराच्या नळाचा दाब होता. ट्रेलरमध्ये तो दाब हातपंपाच्या दांड्यात कुठून येणार? आणि समजा, कोणी पातेल्यात पाणी तापवून आंघोळ केलीच, तर वीस-पंचवीस लिटर साबणाचे पाणी त्या बादलीत मावत नाही.

सांडपाण्याचा प्रश्न सरकारदरबारीही पोचला होता. वनस्पतिरोगतज्ज्ञ ई. पी. माइनेकी यांनी १९३२ मध्ये वनखात्याला कॅम्पग्राउंडची आखणी कशी करावी याचे धोरण दिले. माणसे आणि मोटारी झाडांची मुळे तुडवून वृक्ष मारतात, म्हणून प्रत्येक मोटारीला ठरलेली जागा आणि एकेरी वळणाचा रस्ता द्यावा, हे त्यांचे सूत्र. आजही अमेरिकी उद्यानांतली कॅम्पग्राउंडे बहुतांशी त्याच नमुन्यावर आहेत. त्याच माइनेकींनी १९३५ मध्ये ट्रेलरांविषयी टिपण लिहिले आणि त्याचे नाव ठेवले ‘ट्रेलरचे संकट’. तंबूवाला मनुष्य न्हायला, धुवायला सार्वजनिक इमारतीत जातो; ट्रेलरवाला आपली मोरी बरोबर घेऊन येतो. त्या काळच्या तळांजवळ तिच्या पाण्यासाठी गटार नव्हते.

दुसऱ्या महायुद्धाने या प्रश्नाची जवळजवळ प्रयोगशाळेत घ्यावी तशी परीक्षा घेतली. युद्धसाहित्याच्या कारखान्यांजवळ कामगारांना राहायला घरे नव्हती, म्हणून सरकारने हजारो ट्रेलर विकत घेतले. ते एका ठरावीक नमुन्याचे, संडास-न्हाणीविना होते, आणि त्यांच्या वसाहतींत सामाईक स्नानगृहे व धोबीघरे बांधली गेली. युद्ध संपल्यावर ट्रेलरांच्या दोन शाखा फुटल्या. एक जागच्या जागी राहणारी. लांबरुंद, वसाहतीच्या नळाला आणि गटाराला जोडलेली. हिलाच पुढे मोबाइल होम म्हणू लागले. दुसरी खरोखर फिरणारी, हलकी, सुट्टीची. चाळिशीच्या अखेरीपासून पहिल्या शाखेत न्हाणीघर, टब, गिझर सगळे येऊ लागले. दुसरी शाखा मागेच राहिली. कारखाने बहुधा तेच, गॅस तोच, गिऱ्हाईकही पुष्कळदा त्याच वर्गातले. फरक एवढाच की एकीखाली गटार होते आणि दुसरीखाली गवत. माझ्या मते गॅसला नायक ठरवणाऱ्या कथेला यापेक्षा सरळ उत्तर नाही.

फिरत्या शाखेची कोंडी पन्नाशीत फुटली. पाण्याच्या टाकीत हवा भरून दाब निर्माण करण्याची पद्धत रुळली, पुढे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे आणि नळ सोडताच आपोआप सुरू होणारे पंप आले, मैल्याची टाकी ट्रेलरच्या पोटाखाली बसली. १९५७ च्या सुमारास एअरस्ट्रीमने ‘इंटरनॅशनल’ हा ट्रेलर आणला, आणि बाहेरच्या कोणत्याही जोडणीविना दिवे, गरम पाणी व संडास देणारा तो पहिला स्वयंपूर्ण ट्रेलर असल्याचे ती कंपनी आजही सांगते. पहिलेपणाच्या अशा दाव्यांना नेहमीच दुसरे दावेदार असतात. पण काळ मात्र तोच आहे, यात शंका नाही. स्नेलिंगच्या पहिल्या घरगुती गिऱ्हाइकापासून इथवर पंचेचाळीस वर्षे लोटली होती. १९५९ मध्ये बायम यांच्या मंडळाचा ट्रेलरांचा तांडा केपटाउनहून कैरोला निघाला, तेव्हा स्वयंपूर्णतेच्या या कल्पनेचा डंका जगभर वाजला.

डंका वाजला तरी रिवाज लगेच बदलला नाही. १९६२ मध्ये मोंटाना राज्यातल्या बिलिंग्ज इथे, सिएटलच्या जागतिक प्रदर्शनाला निघालेले प्रवासी यलोस्टोन नदीकाठी थांबतात हे पाहून, एक कॅम्पग्राउंड उघडले गेले. रात्रीचे भाडे पावणेदोन डॉलर; त्यात टेबल, शेकोटीची जागा, स्वच्छतागृह आणि गरम पाण्याचा शॉवर. यातूनच ‘केओए’ ही कॅम्पग्राउंडांची प्रचंड साखळी उभी राहिली. स्वयंपूर्ण ट्रेलर बाजारात येऊन पाच वर्षे झाल्यावरही प्रवासी गरम शॉवरसाठी पैसे मोजत होते. आणि सिंक-शॉवरच्या सांडपाण्यासाठी वेगळी टाकी सर्रास बसू लागली ती आणखी नंतर, सत्तरच्या दशकात. तोवर मैला टाकीत आणि साबणाचे पाणी जमिनीवर, हेच पुष्कळ ठिकाणी चाले.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. गरम पाणी उशिरा आले त्याचे कारण पाणी नसून धास्ती असेल तर? प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असतो. गळला तर वर उडून न जाता जमिनीलगत साचतो. ट्रेलरसारख्या बंद पेटीत, सतत पेटती ज्योत ठेवून, कोण झोपेल? १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत नैसर्गिक वायूचा स्फोट होऊन सुमारे तीनशे जीव गेले, त्यांत बहुतेक मुले. वायूला वास नव्हता, म्हणून गळती कळली नाही. वायूत दुर्गंधी द्रव्य मिसळण्याची सक्ती त्यानंतर आली. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा संघटनेने द्रव वायूसाठी नियम १९३२ मध्येच केले होते, आणि जर्मनीत ट्रुमा कंपनीच्या धूर बाहेर सोडणाऱ्या कॅरव्हॅन-हीटरला पहिली अधिकृत मान्यता मिळाली ती १९६१ मध्ये. म्हणजे सुरक्षित ज्वलनाची विद्याही पन्नाशी-साठीतच पक्व झाली, हे मान्य केले पाहिजे. आजच्या आरव्हीतला गिझर बाहेरच्या भिंतीत बसतो, जळायला हवा बाहेरून घेतो आणि धूरही बाहेरच सोडतो. ही रचना तिशीत कोणाला सुचली असती तर काम लवकर झाले असते, एवढे खरे. पण धास्तीने लोक थांबत असते तर ते सगळीकडे थांबले असते. त्याच तिशीतल्या ट्रेलरमध्ये दाबाच्या पेट्रोल-शेगड्या आणि रॉकेलचे हीटर राजरोस जळत होते, आणि हे दोन्ही प्रोपेनपेक्षा सौम्य म्हणता येणार नाहीत. ज्या जागेत माणूस पेट्रोलच्या शेगडीवर अंडी तळतो, तिथे गिझर केवळ भीतीमुळे येत नाही, हे पटण्यासारखे नाही.

दुसरा आक्षेप आजचा आहे. इतिहास काहीही असो, आता तर गरम पाण्याला गॅसच लागतो. मग काटकसर गॅसचीच नव्हे काय? इथे थोडे गणित मांडावे लागेल. आरव्हीतल्या गिझरची नेहमीची टाकी सहा गॅलनची, म्हणजे सुमारे २३ लिटरची. १५ अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत न्यायचे आणि जळालेल्या गॅसच्या उष्णतेपैकी सत्तर टक्के पाण्यात उतरते असे धरले, तर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास प्रोपेन लागतो. ट्रेलरचा नेहमीचा सिलिंडर २० पौंडांचा, म्हणजे नऊ किलोंचा असतो. आपल्या घरगुती १४.२ किलोंच्या सिलिंडरहून बराच लहान. तरी एका सिलिंडरमध्ये अशा सत्तर टाक्या तापतात. उलट हिवाळ्यात खोली गरम ठेवणारी भट्टी पेटलेल्या प्रत्येक तासाला सहाशे ग्रॅमच्या आसपास गॅस फस्त करते आणि गॅसवरचे शीतकपाट दिवसाकाठी अर्धा-पाऊण किलो. आता पाण्याकडून हिशेब करा. शॉवरमधून मिनिटाला सहा-सात लिटर पाणी पडते. पाणी सोडून अंग भिजवायचे, बंद करून साबण लावायचा, पुन्हा सोडून धुवायचे, ही अमेरिकी नौदलाच्या जहाजांवरची पद्धत पाळली तर बारा-पंधरा लिटरांत आंघोळ होते. घरच्यासारखे आठ मिनिटे उभे राहिले तर पन्नास लिटर जातात. मध्यम ट्रेलरची सांडपाण्याची टाकी दीडशे लिटरांच्या जवळपास असते. चौघांनी घरच्यासारखी आंघोळ केली की पहिल्याच सकाळी ती तुडुंब भरते. सिलिंडरमधून तेवढ्यात गेलेला असतो फार तर सहाशे ग्रॅम गॅस. शिवाय रिकामा सिलिंडर काढून दुसरा जोडता येतो. सांडपाण्याची भरलेली टाकी मात्र उचलून बदलता येत नाही. अख्खे घर हलवून ते मैला-सांडपाणी सोडण्याच्या ठिकाणी न्यावे लागते.

तरी गॅस वाचवण्याची शिकवण अगदीच निराधार नव्हती, आणि तिचे मूळ जुन्या गिझरमध्ये आहे. त्यात पायलट, म्हणजे अखंड तेवणारी छोटी ज्योत, असे. ती काडीने पेटवावी लागे आणि एकदा पेटली की पाणी वापरा अथवा न वापरा, चोवीस तासांत ती एकट्यानेच एक-दोन टाक्या तापवण्याइतका गॅस खाई. त्यातली थोडी उष्णता पाण्यात मुरे, बाकीची वाया जाई. त्या काळात ‘गिझर गरजेपुरताच पेटवा’ हा सल्ला शहाणपणाचा होता. ऐंशीच्या दशकापासून विजेच्या ठिणगीने पेटणारे बर्नर पसरले. आत बसून कळ दाबली की पेटतो, पाणी तापले की विझतो. पायलट गेला, सल्ला मात्र राहिला. एका गोष्टीत त्याचा अर्थ आजही उरतो: टाकीचे कवच पातळ असते, थंड रात्री साठलेले पाणी निवत जाते आणि कोणी वापरत नसताना बर्नर पुन्हा पुन्हा पेटतो. म्हणून रात्री गिझर बंद ठेवून सकाळी अर्धा तास आधी लावावा, हे बरोबरच. पण त्यातून वाचतो तो दीड-दोनशे ग्रॅम गॅस. नव्या बर्नरला ठिणगीसाठी आणि झडप उघडी ठेवण्यासाठी बॅटरी लागते, आणि निर्जन जागी बॅटरी आधी बसते, गॅस नंतर संपतो.

तंत्रज्ञांनी पुढे केलेल्या युक्त्याही गॅसला बगल देणाऱ्याच निघाल्या. काही मोटरहोममध्ये इंजिनचे तापलेले पाणी गिझरच्या टाकीभोवती फिरवले जाते. मुक्कामी पोचेपर्यंत आंघोळीचे पाणी फुकटात तयार. नंतरच्या गिझरांना विजेची कांडीही मिळाली. कॅम्पग्राउंडच्या भाड्यात वीज धरलेलीच असते, त्यामुळे तिथे गॅस जाळणारा बहुधा विसराळू असतो. टाकीविना लगेच पाणी तापवणारे नवे गिझर मात्र उलट दिशेचे आहेत. ते गॅस वाचवतात खरे, कारण साठलेले पाणी गरम ठेवावे लागत नाही. पण त्यांना पेटायला किमान धार लागते आणि गरम पाणी नळापर्यंत येईतो गार पाणी वाहून जाते. शॉवर मध्येच बंद करून पुन्हा सोडला की मधल्या गार पाण्याचा एक झटका बसतो. थेंबाथेंबाने पाणी वापरणाऱ्यासाठी हे यंत्र नाही. ज्याच्या दारात नळ आणि गटार आहे त्याच्यासाठी ते उत्तम. म्हणजे पुन्हा त्याच जुन्या, जागच्या जागी राहणाऱ्या शाखेसाठी.

इथे मराठी वाचकाला आपल्याकडचा अनुभव आठवेल. १९५५ मध्ये बर्मा-शेलने मुंबईत ‘बर्शेन’ या नावाने घरगुती गॅस आणला, तरी महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत न्हाणीचे पाणी पुढे कित्येक वर्षे लाकडाच्या बंबावर किंवा चुलीवरच तापत राहिले. दिसायला तीच गोष्ट, कारण नेमके उलटे. आपल्याकडे मोरी होती, बादली-तांब्या होता, सांडपाण्याला वाट होती. दुर्मीळ होता तो सिलिंडर, आणि तो आंघोळीवर उधळणे कोणाला परवडणार? अमेरिकी ट्रेलरवाल्याकडे सिलिंडर होता आणि मोरी नव्हती. तरी पंधरा लिटरांच्या एका बादलीत नीट आंघोळ करणाऱ्याला नौदलाची पद्धत वेगळी शिकवावी लागत नाही, हा आपला फायदा आहेच.

अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आता सुट्टीत आरव्ही भाड्याने घेऊन यलोस्टोन, ग्रँड कॅन्यनकडे निघतात. त्यांनी सिलिंडरची काळजी योग्य तिथे जरूर घ्यावी: सिलिंडर ऐंशी टक्क्यांवर भरू नये, गळतीचा इशारा देणारे यंत्र चालू आहे ना ते पाहावे, बाल्टिमोर वा हॅम्प्टन रोड्सच्या बोगद्यांकडे जाताना तिथले गॅसविषयीचे नियम आधी वाचावेत. रिकामा गिझर कधीही पेटवू नये. टाकी पाण्याने भरून नळातून सलग धार येऊ लागल्यावरच कळ दाबावी. हे झाले की मग गॅसच्या काट्याकडे वारंवार पाहण्याची गरज नाही. दारालगतच्या पॅनलवर सांडपाण्याच्या टाकीचे दिवे असतात. मुक्काम किती रात्रींचा होणार, हे त्या दिव्यांवरून ठरवावे.